बिनतारी पाना निवडताना



‘बिनतारी’ हा शब्द आपल्या वडीलधाऱ्या पिढीने प्रथम ऐकला तो संदेशवहनाच्या संदर्भात. तारेवाचून शब्द दूर जातो ह्याचेच त्या काळी नवल होते. आज तोच शब्द मोटार दुरुस्तीच्या शेडमध्ये जाऊन पोचला आहे. तेथे बिनतारी म्हणजे बॅटरीवर चालणारा आणि घाव घालून नट सोडविणारा पाना. कंपन्यांच्या छापील पत्रकांत त्याला ‘इम्पॅक्ट रेंच’ म्हणतात. आमच्या बालाघाटकडचे मिस्त्री नुसते ‘गन’ म्हणून मोकळे होतात. पिस्तुलासारखी मूठ, तिच्यात चाप, पुढे चौकोनी टोक आणि खाली बॅटरी, असे त्याचे रूप असल्यामुळे हे नाव त्याला शोभतेही. हे उपकरण घ्यावे की न घ्यावे, घ्यावयाचे तर कोणते घ्यावे, आणि घेतल्यानंतर ते कोठे वापरू नये, एवढ्याच गोष्टींविषयी मी आज बोलणार आहे. त्यांतली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अमुक कारखान्याचा माल घ्या असे नभोवाणीवरून सांगू नये, असा जुना संकेत आहे. तो मी पाळीन, आणि खरे सांगायचे तर नावे घेण्याची फारशी गरजही पडणार नाही.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी ह्यांचे भाग तोडून झाला. १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूरहून चाले. त्यामुळे आमच्याकडच्या कारागिराच्या तोंडी हिंदी ‘चाबी’ आणि मराठी ‘पाना’ हे दोन्ही शब्द सुखाने नांदतात. भरवेली, उकवा, तिरोडी येथे मँगनीजच्या खाणी आहेत, मलाजखंडला तांब्याची खाण आहे, आणि बैहरच्या पलीकडे मुक्कीच्या बाजूने कान्हाच्या जंगलात पर्यटकांच्या जिप्सी जातात. त्या गाड्या कारखान्यातून निघणे कधीच थांबले. परंतु जंगलातील वाटेवर त्या अजून राबत आहेत. खनिजाची धूळ, पावसाळ्यातील चिखल, वैनगंगेच्या खोऱ्यातील दमट हवा, ह्या सर्वांचा परिणाम गाडीच्या खालच्या अंगावर होतो. वरून धुऊनपुसून लखलखणारी गाडी जॅकवर चढविली म्हणजे खाली नट कोणता आणि गंज कोणता, हे ओळखू येत नाही. अशा वेळी मिस्त्री पान्याला लोखंडी पाइप जोडतो, पाइपवर शिकाऊ पोराला उभा करतो आणि ‘मार जोर’ म्हणतो. पोराचा पाय घसरला तर हनुवटी फुटते, नट फिरला नाही तर त्याचे कोपरे झिजतात, आणि कधी कधी स्टडच मोडून हातात येतो. बिनतारी पान्याची खरी जागा येथे आहे. तो चैनीची वस्तू नव्हे, हे त्या पोराला तरी पटवून सांगावे लागणार नाही.

हे उपकरण काम कसे करते ते थोडक्यात सांगतो, कारण निवडीचे पुष्कळसे धडे त्यातूनच निघतात. भिंतीत खिळा घालावयाचा असेल तर आपण तो अंगठ्याने दाबीत बसत नाही. हातोडीचा घाव घालतो. घाव क्षणभराचा असतो, पण त्या क्षणात जोर एकवटलेला असतो. ह्या पान्याच्या पोटात मोटारीने फिरणारा एक जड पोलादी हातोडा असतो आणि त्याच्यापुढे ऐरण असते. ऐरणीचे बाहेर आलेले चौकोनी टोक म्हणजेच गोटी बसविण्याची जागा. नट हलका फिरत असेल तोवर दोघे बरोबर फिरतात. नट अडला की हातोडा स्प्रिंग दाबून मागे सरकतो, ऐरणीचा अडसर ओलांडतो आणि पुन्हा पुढे येऊन तिच्या कानावर आडवा घाव घालतो. मिनिटाला असे दोन-तीन हजार घाव पडतात. गंजाचा थर सलग ताणापुढे जितका टिकतो तितका ह्या ठोक्यांपुढे टिकत नाही. आणि घाव क्षणिक असल्यामुळे त्याची उलट कळ मनगटात जवळजवळ येत नाही. एक मनुष्य एका हाताने असा नट सोडवितो की ज्यापुढे दोघांनी हात टेकले होते.

दुकानात ह्याच्याच शेजारी त्याची दोन भावंडे मांडलेली असतात आणि तेथे नवख्या गिऱ्हाइकाची फसगत होते. एक म्हणजे स्क्रू पिळणारा लहान इम्पॅक्ट ड्रायव्हर. त्याचे तोंड चौकोनी नसून षट्कोनी खाचेचे असते. सुताराला तो उत्तम, चाकाच्या नटाला अपुरा. दुसरे म्हणजे घाव घालीत भोक पाडणारे ड्रिल. त्याचा घाव सरळ पुढे भिंतीत जातो, पिळण्याच्या दिशेने नव्हे. तिघांचेही रूप सारखे असल्यामुळे केवळ खोक्यावरच्या चित्रावर विसंबून राहू नये.

आता बळाविषयी. पिळण्याच्या बळाला आपण सगळेच ‘टॉर्क’ म्हणतो, आणि तो ‘न्यूटन-मीटर’ ह्या मापात छापलेला असतो. हे माप डोळ्यांपुढे आणणे सोपे आहे. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगले तर नटावर सुमारे १०० न्यूटन-मीटर बळ पडते. पाना अर्ध्या मीटरचा असेल तर तेवढ्याच बळासाठी वीस किलो टांगावे लागतील. आपल्याकडच्या लहान मोटारींच्या चाकांचे नट साधारणपणे ८५ ते ११० न्यूटन-मीटरने कसावयाचे असतात. जड जीपवजा गाड्यांना त्याहून अधिक लागते आणि मोठ्या मालट्रकांना पाच-सहाशेपर्यंत. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

हे आकडे ऐकून कोणी म्हणेल, मग दोनशेचा पाना पुरे. पण कसण्याचे बळ आणि सोडविण्याचे बळ ह्यांत फार अंतर आहे. शंभरने कसलेला नट दोन पावसाळे खाऊन गंजला, किंवा टायरवाल्याने आधीच बेसुमार आवळलेला असला, तर तो दोनशेला, तीनशेलाही दाद देत नाही. दुसऱ्या बाजूने, विक्रेता जो आकडा मोठ्या अक्षरांत छापतो तो बहुधा सोडविण्याचा असतो, आणि तोही पुरी भरलेली बॅटरी, स्वच्छ बोल्ट, गोटी थेट टोकावर बसविलेली, अशा अनुकूल परिस्थितीत मिळविलेला. मध्ये लांब दांडी आणि सांधा जोडला की दांडी स्वतःच किंचित पिळवटते आणि घावाचा बराचसा जोर गिळून टाकते. म्हणून पत्रकावरचा आकडा शेडमध्ये येईपर्यंत बराच खाली आलेला असतो, असे धरून चालावे.

ह्या हिशेबाने मोटारी आणि जीपा दुरुस्त करणाऱ्या लहान गॅरेजला अर्ध्या इंचाच्या चौकोनी टोकाचा, कसण्याचे बळ तीनशे ते चारशे न्यूटन-मीटरच्या आसपास असलेला मध्यम पाना बहुतेक कामांना पुरतो. सोडविताना तो ह्याहून अधिक जोर देतो. हजार न्यूटन-मीटरवाले मोठे पाने आहेत आणि ते घेण्याचा मोह होतो. परंतु बॅटरीसह त्यांचे वजन तीन किलोच्या घरात जाते. गाडीखाली उताणे पडून तीन किलोचे लोखंड चेहऱ्यावर तोलून धरणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्याला विचारावे. शिवाय मोठ्या पान्याचे डोके लांब असते; ते चाकाच्या कमानीत आणि सस्पेन्शनच्या सांदीत शिरत नाही. मोठा पाना ज्याच्याकडे रोज जड गाड्यांचे हब आणि क्रँकपुलीचे बोल्ट येतात त्याने घ्यावा. खनिजाच्या ट्रकांची कामे करणाऱ्यांनी तर अर्ध्या इंचाचे टोक मनातूनच काढून टाकावे. त्यांना पाऊण किंवा एक इंचाचे टोक लागते. ट्रकवाल्यांजवळ पूर्वापार असलेला, पोटात दातेरी चाके बसविलेला आणि हाताने फिरवावयाचा नट-खोलणारा अजूनही त्यांच्या कामी येतो.

ज्याच्या शेडमध्ये हवेचा कॉम्प्रेसर आधीपासून आहे आणि ज्याचे सगळे काम छपराखालीच चालते, त्याने बिनतारी पान्याचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे. हवेवर चालणारा पाना स्वस्त असतो, वजनाला बेताचा असतो आणि तेल घालीत राहिले तर वर्षानुवर्षे चालतो. बिनतारी पान्याचा गुण निराळा आहे. बैहरच्या घाटात गाडी बंद पडली, लांजीच्या रस्त्यावर चाक बसले, किंवा वळवाच्या वादळात गावाची वीज गेली, अशा वेळी त्याची किंमत कळते. कॉम्प्रेसर उचलून घाटात नेता येत नाही.

ह्या पान्यात खरी किंमत बॅटरीची असते आणि खरी फसवणूकही बॅटरीतच होते. बॅटरीवरचे ड्रिल १९६१ साली अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर कंपनीने प्रथम बाजारात आणले. त्यातील निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या जड आणि लवकर दमणाऱ्या होत्या. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि नव्या शतकात ती हत्यारांतही आली तेव्हा कोठे नट सोडविण्याइतके बळ मुठीत मावू लागले. ह्या बॅटरीच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विद्वानांच्या श्रमांचे फळ आपल्या शेडमध्ये येता येता त्यावर कसली कसली लेबले चिकटतात, ते पाहण्यासारखे आहे.

अशा बॅटरीत बोटाएवढ्या नळकांड्यांचे घट असतात. प्रत्येक घट साधारण ३.६ व्होल्टचा. पाच घट एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. पुरा भरलेला घट चार व्होल्टच्या थोडा वर जातो. म्हणून त्याच पाच घटांना कोणी २० व्होल्ट म्हणतो तर कोणी २१. ही तिन्ही नावे एकाच शक्तीची. २० चा पाना १८ पेक्षा दोन पावले पुढे आहे असे सांगणारा दुकानदार एक तर अजाण असतो किंवा आपल्याला अजाण समजत असतो. पण त्यावरही ताण म्हणजे हल्ली काही खोक्यांवर ४८, ८८, अगदी १२८ असे आकडे छापतात आणि त्यांच्यापुढे व्होल्टशी साम्य दाखविणारी अक्षरे जोडतात. आत उघडून पाहावे तर तेच पाच घट. १२८ व्होल्टसाठी पस्तीस घट लागतील, आणि ते मुठीखालच्या त्या डबीत मावणार नाहीत.

व्होल्टनंतर येतो अँपियर-अवर, म्हणजे टाकीत किती मावते त्याचे माप. येथे तराजू कामी येतो. नेहमीच्या लहान मापाच्या एका घटाचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असते आणि त्यात दोन ते तीन, फार तर साडेतीन अँपियर-अवर मावतात. म्हणजे पाच लहान घटांच्या बॅटरीत साडेतीनपेक्षा अधिक असू शकत नाही. चार-पाच पाहिजे असतील तर लहान घटांची दुहेरी ओळ, म्हणजे दहा घट हवेत, आणि मग नुसत्या घटांचेच वजन साडेचारशे ग्रॅम भरते. वर डबी, पत्रे आणि विद्युत्-पट्टी ह्यांचे वजन वेगळे. मोठ्या मापाचे घट असले तर पाचच घटांत काम भागते. पण तो प्रत्येक घट सत्तर ग्रॅमचा असतो. तेव्हा ‘दहा अँपियर’ असे लिहिलेली बॅटरी हातात घेतल्यावर लिंबाच्या पिशवीसारखी हलकी लागली तर ती तशीच खाली ठेवावी. वजन खोटे बोलत नाही, आणि किराणा दुकानाचा काटा कोठेही मिळतो.

लहान गावातल्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या हत्याराला बसत नाही. त्यामुळे आपण जी सोयरीक जोडतो ती पान्याशी नव्हे, बॅटरीच्या घराण्याशी. उद्या ग्राइंडर घ्याल, परवा धूळ उडविणारा पंखा घ्याल, ते त्याच बॅटरीवर चालले तर खर्च निम्म्यावर येतो. म्हणून पान्याच्या आधी घराणे पाहावे. त्याची दुसरी बॅटरी स्वतंत्र मिळते काय, मिळत असेल तर केवढ्याला? दुरुस्तीचे केंद्र गोंदियाला आहे, की नागपूरला, की जबलपूरला? की कोठेच नाही? गोंदिया चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे, तेथे सकाळी जाऊन दुपारी परतता येते. जे हत्यार दुरुस्तीसाठी पार्सलाने दिल्लीला पाठवावे लागते ते स्वस्त पडले तरी मला महाग वाटते. बॅटऱ्या मात्र दोन घ्याव्यात; एक कामावर, एक चार्जरवर. दोन मध्यम बॅटऱ्या एका थोरल्या बॅटरीपेक्षा बऱ्या.

मोटार कार्बन ब्रशवाली असावी की बिनब्रशची, असेही विचारतात. परवडत असेल तर बिनब्रशची घ्यावी. ती कमी तापते, तेवढ्याच बॅटरीत अधिक काम करते आणि ब्रश झिजण्याची कटकट राहत नाही.

उन्हाचा विचार आमच्या भागात विसरून चालत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधली हवा अंगाला चटका देते. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर भरू नये असा सर्वसाधारण नियम आहे. चांगला चार्जर तापलेली बॅटरी भरण्याचे नाकारतो आणि दिवा लुकलुकवीत बसतो. तो बिघडला असे समजून त्याला थापट्या मारू नयेत. बॅटरी सावलीत निवू द्यावी, आणि मग भरावी. उन्हात उभ्या केलेल्या जीपमध्ये ती ठेवू नये. महिनाभर काम नसेल तर अर्धी भरून ठेवावी; पार उतरलेली बॅटरी कपाटात टाकून दिली तर ती पुन्हा उठेलच असे नाही. आणि जुनी बॅटरी फोडून घट बदलून देणारे हल्ली गल्लोगल्ली भेटतात, त्यांच्यापासून दूर राहावे. डाग चुकला, घट बेजोड निघाले, तर ही बॅटरी पेट घेते, आणि गॅरेजात डिझेलने भिजलेल्या चिंध्यांची वाण नसते.

पान्याबरोबर गोट्याही वेगळ्या लागतात. आपल्या पेटीतल्या चकचकीत मुलामा दिलेल्या गोट्या हाती पान्यासाठी केलेल्या असतात. त्यांचे पोलाद कडक असते. हजारो घाव खाल्ल्यावर ते वाकत नाही, तडकते. तिची कपची डोळ्यात गेली तर पुढची कथा मी सांगावयास नको. घावाच्या पान्यासाठी जाड भिंतीच्या, काळ्या रंगाच्या, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या गोट्या मिळतात, त्याच वापराव्यात. त्याही सहा कोनांच्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. ह्याच जोडीला डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे असावेत. ह्या पान्याचा आवाज शंभर डेसिबेलच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तो घुमतो. आमच्याकडचे चाळिशीतले कितीतरी मिस्त्री समोरच्याला दोनदा विचारून मग उत्तर देतात. त्याचे कारण वय नव्हे.

आता त्या शेवटच्या गोष्टीकडे वळतो. हा पाना सोडविण्यासाठी आहे. चाकाचा नट शेवटचा कसण्यासाठी तो वापरू नये.

असे का, ते नीट सांगितले पाहिजे, कारण उलट प्रथाच आता रूढ झाली आहे. पंक्चरच्या दुकानात, टायरच्या दुकानात, मोठ्या चकचकीत कार्यशाळांतही गन लावून ‘टर्र’ आवाज होईपर्यंत नट आवळतात आणि गिऱ्हाइकाला तो आवाज ऐकून समाधान वाटते. पण नट कसला जातो म्हणजे काय होते? स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाक हबवर दाबून धरले जाते. आपण लावलेल्या बळाचा फार मोठा भाग, अंदाजे दहांतील नऊ हिस्से, नटाच्या बुडाशी आणि आट्यांत घर्षणात खर्च होतो. चाक धरून ठेवण्यास उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. आटे कोरडे आहेत की तेलकट, गंजलेले की नवे, ह्यावर हा हिस्सा बदलतो. गनच्या घावांना ह्यातले काही कळत नाही. तेच तीन सेकंद घाव घातले तर एका नटावर ऐंशी पडतात, दुसऱ्यावर तीनशे. काही पान्यांवर बळाच्या तीन-चार पायऱ्या असतात आणि काही आपोआप थांबतातही. ह्या सोयी उपयोगी आहेत. परंतु पायरी म्हणजे मोजमाप नव्हे.

जास्त आवळलेल्या नटाने स्टड त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला जातो आणि एक दिवस मोडतो. नट विषम आवळले गेले की ब्रेकची थाळी वाकडी बसते आणि ब्रेक मारताना पायाखाली कंप येतो. मग गिऱ्हाईक ब्रेकला दोष देते. कमी कसलेला नट वाटेत सैल होतो, आणि चाक निघाले तर काय होते ह्याचे वर्णन नको. पण ह्या सर्वांहून नेहमी घडणारी गोष्ट वेगळीच आहे. गाडीबरोबर मिळणारा चाकाचा पाना असतो जेमतेम तीस सेंटिमीटरचा. साठ किलो वजनाचा मनुष्य त्याच्या टोकावर सगळे वजन घालून उभा राहिला तरी बळ पडते सुमारे १७५ न्यूटन-मीटर. शंभरने कसलेला नट त्याला सुटतो, त्याची पत्नी पायाने दाबील तर तिलाही सुटतो. गनने तीनशेवर नेलेला नट मात्र कोणालाच सुटत नाही. रात्रीची वेळ, घाटाचे वळण, मागच्या आसनावर झोपलेली मुले; स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे, आणि नट हलत नाही. गॅरेजात ज्याने चाप ओढला तो त्या वेळी घरी निजलेला असतो. आपल्या हातून झालेले हे काम त्याला कधी कळतही नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की पैशांची जुळवाजुळव करताना पहिली रक्कम टॉर्क-पान्यासाठी बाजूला काढावी. ठरविलेले बळ पुरे झाले की ‘टक्’ असा आवाज करून सांगणारा हा हाती पाना बिनतारी पान्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त असतो. चारशेचा पाना परवडतो पण टॉर्क-पाना परवडत नाही असे कोणी म्हणाला, तर त्याने तीनशेचा घ्यावा आणि टॉर्क-पाना घ्यावा. दोन्ही मिळून एक हत्यार आहे, असेच मी समजतो.

काम करण्याची रीत अशी. हबचा आणि चाकाचा जोडणीचा भाग तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावा. मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तर तो पुढे दबतो आणि नट सैल होतात. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, पुस्तिकेने सांगितले असेल तरच लावावे. तेलकट आट्यांवर तेच बळ स्टडला अधिक ताणते. नट प्रथम हाताने दोन-तीन फेरे फिरवावा. हाताने फिरत नसेल तर तो वाकडा बसला आहे, आणि वाकडा बसलेला नट गन निमूटपणे आत रेटते व आटे खाऊन टाकते. मग हव्या तर गनने, सर्वांत खालच्या पायरीवर, तो नुसता टेकवावा. गाडी जॅकवरून उतरवून चाक जमिनीला लागू द्यावे आणि टॉर्क-पान्याने समोरासमोरचे नट एकाआड एक कसावेत. पाच असतील तर चांदणी काढतो तशा क्रमाने. एकदा ‘टक्’ झाले की पुरे. हौसेने आणखी दोनदा ‘टक्’ करण्याची सवय वाईट; प्रत्येक वेळी नट थोडा पुढे सरकू शकतो. काम आटोपल्यावर टॉर्क-पान्याची खूण सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी, आणि त्याने कधीही गंजलेला नट सोडवू नये. ते काम ज्याचे त्याला द्यावे.

खरेदीला जाताना आणखी एक सुचवितो. महिनाभर आपल्या शेडमध्ये जे नट हाताने सुटले नाहीत त्यांची एका वहीत नोंद करावी. कोणती गाडी, कोणती जागा, किती मापाची गोटी. तीस दिवसांनी ती वही उघडली म्हणजे आपल्याला केवढा पाना लागतो हे विक्रेत्याला विचारण्याची गरज उरत नाही. दुकानात पाना डोक्यावर धरून मिनिटभर उभे राहावे. उलट-सुलट फिरविण्याचे बटण तेलकट बोटांनी दाबता येते की नाही ते पाहावे. चाप हलका दाबला तर वेग हलका राहतो की एकदम उसळतो, तेही पाहावे. उसळणारा चाप नट बसविताना घात करतो. टोकावर गोटी धरून ठेवणारी कडी असते किंवा खिळी असते. गोट्या वारंवार बदलणाऱ्याला कडी सोयीची, आणि गोटी निसटून खाली पडण्याची भीती असेल तेथे खिळी बरी. पावती पक्की घ्यावी, तिच्यावर पान्याचा आणि दोन्ही बॅटऱ्यांचा क्रमांक लिहून घ्यावा, कारण हमीची मुदत दोहोंची वेगळी असू शकते.

आणि ज्यांचे गॅरेज नाही, केवळ गाडी आहे, अशा श्रोत्यांसाठी दोन शब्द. चाक काढून बसविल्यावर मिस्त्रीला ‘शेवटचा हात कशाने दिला?’ असे अवश्य विचारावे. तो रागावणार नाही. रागावला तर दुसरा मिस्त्री पाहावा. घरी आल्यावर, सावकाशीने, गाडीतल्याच पान्याने एक नट थोडा सोडवून पाहावा. सुटला तर तो पुन्हा कसून घ्यावा. नाहीच सुटला तर दुसऱ्याच दिवशी गाडी परत नेऊन सगळे नट सोडवून नीट कसून घ्यावेत. पुढे पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर, चाके थंड असताना, सर्व नटांचे बळ टॉर्क-पान्याने एकदा तपासून घ्यावे. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि त्याचे पैसे बहुधा कोणी मागत नाही.